तळटिपांतली मैत्री

१८६१ साली कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्यात 'बिब्लिओथेका इंडिका' या मालेतले एक पुस्तक छापले गेले. त्यात संस्कृत ज्योतिषग्रंथांची दोन इंग्रजी भाषांतरे एकत्र आहेत. पहिले 'सूर्यसिद्धान्ता'चे. ते काशीच्या संस्कृत कॉलेजातले गणिताचे अध्यापक पंडित बापूदेव शास्त्री यांनी केले. दुसरे भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या गोलाध्यायाचे. ते लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याचे. मुखपृष्ठावर विल्किन्सनच्या नावामागे 'दिवंगत' या अर्थाचा शब्द आहे आणि नावापुढे अशी नोंद आहे की हे भाषांतर बापूदेव शास्त्री यांनी तपासून दुरुस्त केले. विल्किन्सन १८४१ मध्येच वारला होता. त्याचा मजकूर छापला गेला तेव्हा त्याला जाऊन वीस वर्षे होत आली होती.

अनुवाद करणाऱ्या माणसाची नजर अशा पुस्तकात आधी तळटिपांकडे वळते. भाषांतरकाराला जे मजकुरात बोलता येत नाही, ते तो तळटिपेत बोलतो. या पुस्तकात काही टिपांखाली एल. डब्ल्यू. ही अक्षरे आहेत, काहींखाली बी. डी. पहिली टीप गेलेल्या विल्किन्सनची, दुसरी हयात असलेल्या बापूदेवांची. पानाच्या वरच्या भागात बाराव्या शतकातले भास्कराचार्य बोलतात, खाली एक इंग्रज आणि एक मराठी पंडित त्यांच्याशी आणि एकमेकांशी बोलतात. कुठे पुस्ती जोडलेली, कुठे खुलासा केलेला. आवाज कुणाचाच चढलेला नाही.

तौलनिक साहित्य शिकताना 'संवाद' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की त्याची धार गेली. या तळटिपांनी ती मला परत दिली, आणि त्याला कारण आहे ते साल. १८६१ म्हणजे १८५७ नंतर अवघी चार वर्षे.

त्या चार वर्षांमागे काशीत काय घडले होते? ४ जून १८५७ रोजी काशीच्या छावणीत ३७व्या देशी पलटणीची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात झाली. गोंधळ माजला, गोळीबार झाला, आणि ज्यांच्यावर संशय नव्हता त्या शीख सैनिकांवरही तोफा वळल्या. कर्नल नील तेव्हा मद्रासच्या गोऱ्या फौजेसह शहरात होता. ९ जूनला लष्करी कायदा पुकारला गेला. फाशीचे खांब उभे राहिले. आसपासच्या गावांत जाऊन माणसांना झाडांना टांगणाऱ्या गोऱ्या हौशी टोळ्या निघाल्या. खेळाखेळात बंडवाल्यांचे झेंडे नाचवले, ढोल बडवले म्हणून पोरांना फाशी दिल्याचे केसारख्या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बाजूला कानपुरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली. ज्या झाशीच्या राणीचे जन्मस्थान म्हणून काशीतली एक जागा आजही दाखवली जाते, ती १८५८ मध्ये रणात पडली. त्यानंतर गोऱ्यांच्या तोंडी 'नेटिव्ह' या शब्दाला जो वास आला, तो पुढे नव्वद वर्षे गेला नाही. इकडे 'म्लेच्छ' हा शब्द तर कितीतरी जुना. ज्याच्या स्पर्शाने स्नान करावे लागते, त्याच्याशी मैत्री कशी व्हायची?

अशा काळात एका पंडिताने एका मृत साहेबाचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले, त्यातल्या चुका काढल्या, नाव मात्र त्याचेच ठेवले. हे का आणि कसे शक्य झाले, हे शोधायला काशीतून थोडे मागे, माळव्यात जावे लागते.

भोपाळजवळचे सिहोर हे तेव्हा कंपनीच्या पोलिटिकल एजंटाचे ठाणे होते. १८३० च्या दशकात तिथे विल्किन्सन एजंट होता. संस्थानिकांवर नजर ठेवणे हे त्याचे काम. त्यातून वेळ काढून तो तिथली शाळा चालवी. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. पृथ्वी वाटोळी आहे, हे हिंदुस्थानातल्या माणसाला शिकवायचे, तर युरोपातून नवे पुस्तक आणून त्याच्या तोंडावर फेकायची गरज नाही. त्याच्याच घरात भास्कराचार्य आहेत. पुराणांत सपाट पृथ्वी, मध्ये मेरू, भोवती उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र. पण सिद्धान्तग्रंथांत पृथ्वी गोल आहे, निराधार आहे आणि जड वस्तू स्वतःकडे ओढून घेणारी आहे. मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळ दिसतो, म्हणून पृथ्वी आपल्याला सपाट भासते, हे भास्कराचार्य उलगडून सांगतात. म्हणून आधी सिद्धान्त शिकवा आणि तिथून कोपर्निकसकडे जा, असे विल्किन्सनचे म्हणणे.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८३५ मध्ये, मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण आले. त्यातही हे समुद्र आहेत. मेकॉले त्यांना हसतो. इंग्लंडातल्या शाळकरी मुलींनाही हसू येईल असले हे खगोलशास्त्र, असा त्याचा शेरा. आपल्याला संस्कृत येत नाही, हेही तो त्याच टिपणात मोकळेपणाने सांगतो. तेच समुद्र, तेच लोक आणि जवळजवळ तेच वर्ष. एक जण ऐकीव माहितीवर हसून मोकळा झाला. दुसऱ्याने विचारले, की या लोकांनीच या समुद्रांबद्दल आणखी काय म्हटले आहे? भास्कराचार्यांनी या समुद्रांना हाकलूनही दिले नाही, लवणसमुद्राच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात त्यांची सोय लावून दिली, हे विल्किन्सनला ठाऊक होते, कारण त्याने ग्रंथ वाचला होता. तुच्छतेवरचा पहिला उतारा मला वाटते हाच: समोरच्याच्या घरातले मतभेद माहीत असणे. ज्याला आपण एकसारखा जमाव समजतो, त्याच्यात आपापसांत वाद चालले आहेत, हे कळले की त्या जमावाची माणसे होतात.

सिहोरला विल्किन्सनच्या सोबत सुबाजी बापू नावाचे पंडित होते. त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिले; ते १८३६ चे. म्हणजे कोपर्निकसचे म्हणणे या मार्गाने मराठीत आले, ते भास्कराचार्यांचा हात धरून. त्याच मंडळींतल्या ओंकार भट्टांनी हिंदीत 'भूगोलसार' लिहिले; त्यात पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना आहे. सगळ्यांना हे पटले, असे मुळीच नाही. पुराण आणि सिद्धान्त यांत विरोध आहे की नाही, यावर मोठा वाद पेटला आणि पुण्याच्या यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी सुबाजींचे खंडन लिहिले. पण वाद संस्कृतात झाला, ग्रंथाला ग्रंथाने उत्तर मिळाले.

या मंडळींचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे पुस्तक मात्र ज्योतिषाचे नाही. १८३९ मध्ये विल्किन्सनने 'वज्रसूची' छापवली. जन्मावरून ब्राह्मण ठरतो या कल्पनेवर घाव घालणारा, अश्वघोषाच्या नावावर सांगितला जाणारा हा लहानसा संस्कृत ग्रंथ. याच नावाच्या उपनिषदाला सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी मराठीत आणले होते, म्हणून मराठी वाचकाला हे नाव परके नाही. विल्किन्सनला जातिभेदावरची ही टीका पटत होती. सुबाजी बापूंना पटत नव्हती. त्यांनी 'टंक' नावाचे उत्तर लिहिले. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. वज्राच्या सुईला छिन्नीने उत्तर. आणि विल्किन्सनने काय केले? आपल्या मताच्या ग्रंथासोबत आपल्या मताच्या विरुद्ध लिहिलेले हे उत्तर त्याच पुस्तकात, त्याच बांधणीत छापले.

सुबाजींचे म्हणणे मला मान्य होणे शक्य नाही. जन्मजात उच्चनीचतेची बाजू घेणाऱ्या ग्रंथाचे कौतुक मी करणार नाही. पण या प्रसंगातले नाते पाहण्यासारखे आहे. एक एजंट, ज्याच्या हाती सत्ता, पैसा, छापखाना. आणि एक पंडित, जो त्याच्या आश्रयावर राहतो. अशा नात्यात धन्याला हवे ते लिहून देणे सर्वांत सोपे. सुबाजींनी ते केले नाही, आणि विल्किन्सनने त्यासाठी त्यांना दूर केले नाही. 'तू माझ्या पदरी आहेस, तरी तुला माझ्याविरुद्ध बोलता येईल आणि ते मीच छापीन' हे आश्वासन असल्याशिवाय मोकळे बोलणे सुरूच होत नाही.

याच सिहोरला १८३८ च्या सुमारास नागपूरहून एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आला. गोदाकाठच्या मराठी ब्राह्मण घराण्यातला, १८२१ चा जन्म. नाव नृसिंह, पण सगळे बापूदेव म्हणत. नागपुरात त्याने ढुंढिराज मिश्र यांच्याकडे भास्कराचार्यांची 'लीलावती' आणि 'बीजगणित' शिकून घेतले होते. विल्किन्सनने त्याची बुद्धी पाहिली आणि त्याला सिहोरला नेले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त ही हकीकत दिली आहे. तीन-चार वर्षे हा मुलगा तिथे शिकला. पुढे विल्किन्सन वारला, आणि १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. तेव्हा त्यांनी विशी नुकती ओलांडली होती. ती नोकरी त्यांनी सत्तेचाळीस वर्षे केली.

काशीत मराठी पंडिताला परकेपणा वाटायचे कारण नव्हते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणी ब्राह्मणांचा. भोसले, शिंदे यांचे घाट, अहल्याबाईंनी बांधलेले विश्वनाथाचे देऊळ. गंगेच्या काठाने मराठी माणूस चालत जाऊ लागला की त्याला आपल्या इतिहासातली ओळखीची नावे भेटत राहतात. शास्त्रार्थाच्या सभांत दक्षिणी पंडितांचा शब्द वजनाचा असे. परके होते ते कॉलेज. १७९१ मध्ये जोनाथन डंकन या रेसिडेंटाने ते सुरू केले, आणि १८५० च्या सुमारास त्याच्यासाठी मेजर किट्टो याने गॉथिक धाटणीची भव्य इमारत बांधली. आज ती संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या आवारात आहे. निमुळत्या कमानी, मनोरे, एखाद्या इंग्लिश चर्चसारखी घडण. आणि आत न्याय, व्याकरण, वेदान्त. हे दोन्ही एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न त्या इमारतीसमोर उभे राहिले की आपोआप मनात येतो.

१८४६ पासून या कॉलेजचा कारभार जेम्स बॅलंटाइनकडे होता. पंडितांना पाश्चात्त्य शास्त्रे संस्कृतातून समजावून द्यायची आणि त्यांची दर्शने इंग्रजीत न्यायची, असा त्याचा दुहेरी उद्योग. विठ्ठलशास्त्री या मराठी पंडिताने बेकनच्या 'नोव्हम ऑर्गनम'चा अर्थ संस्कृतात मांडला. ते पुस्तक १८५२ चे. बेकनच्या 'निरीक्षण' आणि 'अनुमान' यांना न्यायशास्त्रातले कोणते शब्द लावायचे, यावर बसून काथ्याकूट करणारी ती माणसे मला आमच्याच धंद्यातली वाटतात. दोन भाषांच्या मधोमध एखादा शब्द अडतो, तेव्हा समोरच्याचा धर्म, रंग, जात सगळे काही काळ बाजूला राहते. शब्द बसला की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ही समानता पूर्ण नसते, टिकाऊही नसते, पण खोटी नसते.

हे चित्र फार गोड होऊ लागले असेल, तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बॅलंटाइनच्या मनात या साऱ्या उद्योगाचे टोक ख्रिस्ती धर्माकडे होते. हिंदू दर्शने आणि ख्रिस्ती मत यांची तुलना करणारे त्याचे पुस्तक १८५९ मध्ये निघाले. काशीतच त्याआधी नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांची कथा घडली होती. ऐन तारुण्यात त्यांनी जॉन म्यूरच्या ख्रिस्ती मताच्या संस्कृत ग्रंथाचे खंडन लिहिले. मग विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात हरवायला म्हणून त्याच्याकडे जाऊ लागले, आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून आपल्या जुन्या दर्शनांचे खंडन केले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे नाव मराठी वाचकाला भेटते. त्यांच्या निर्णयाचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. तो त्यांनी विचारपूर्वक आणि मोठी किंमत देऊन घेतला. पण त्या संवादाची घडण वेगळी होती. तिथे एकाने शेवटी दुसऱ्याच्या बाजूला जायचेच होते. आपल्याकडचा शास्त्रार्थही अनेकदा असाच. १८६९ मध्ये काशीत दयानंद सरस्वती आणि तिथले पंडित यांची मूर्तिपूजेवर गाजलेली सभा झाली, ती गोंधळात संपली, आणि दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला. जिंकण्यासाठी भरवलेल्या सभेतून बहुतेक वेळा एवढेच हाती लागते.

बापूदेवांच्या बाबतीत वेगळे काय घडले, हे १८५८ मधल्या एका लेखात दिसते. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा चार पानांचा इंग्रजी लेख आला. भास्कराचार्यांना चलनकलनाचे, म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलसचे, तत्त्व माहीत होते, असे त्यात मांडले होते. ग्रहाची एका दिवसातली सरासरी गती काढणे सोपे. पण नेमक्या एका क्षणी त्याची गती किती, हे भास्कराचार्यांनी 'तात्कालिक गती' या नावाने काढले आहे, आणि ती काढायची रीत चलनकलनाचीच आहे, असा बापूदेवांचा दावा. न्यूटन आणि लायबनिट्स यांच्या आधी पाचशे वर्षे!

हा दावा कोणत्या वर्षी केला जात होता, हे विसरता येत नाही. फाशीचे खांब पुरते उतरलेले नसताना, सरकारी पगारावरचा एक 'नेटिव्ह' राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सांगत होता, की तुमच्या सर्वांत मोठ्या अभिमानाच्या गोष्टीचे बीज आमच्याकडे आहे. सोसायटीने लेख छापला. १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम स्पॉटिसवुड या गणितज्ञाने, जो पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, त्यावर टिपण लिहिले. भास्कराचार्यांची सूक्ष्म दृष्टी थक्क करणारी आहे, हे त्याने मान्य केले. मात्र अतिसूक्ष्म राशींची कल्पना आणि त्यामागची रीत तिथे स्पष्ट नसल्याने याला चलनकलनाचा शोध म्हणणे जास्तीचे होईल, असा त्याचा निष्कर्ष. गणिताच्या इतिहासात हा वाद पुढेही चालू राहिला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की बापूदेवांना मिळालेले उत्तर गणिताचे होते. 'हे लोक असेच' असे म्हणून त्यांचा कागद कोणी भिरकावला नाही, आणि पाठीवर थाप मारून त्यांची बोळवणही केली नाही. खोट्या कौतुकातही तुच्छता असतेच. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्यालाच 'तुमचे इथे चुकते' असे कारणांसह सांगतो.

याच सुमारास आणखी एक योग जुळून आला. १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात 'सूर्यसिद्धान्ता'चे दुसरे इंग्रजी भाषांतर आले. ते एबेनेझर बर्जेस याचे. हा अमेरिकन मिशनरी आपल्या नगर-साताऱ्याकडे अनेक वर्षे राहिलेला. भाषांतरावरच्या टिपा बऱ्याच अंशी विल्यम ड्वाइट व्हिटनी या नामांकित संस्कृततज्ज्ञाच्या. हिंदूंचे ज्योतिष मुख्यतः ग्रीकांकडून उसने घेतलेले, हा व्हिटनीचा कल. इतकी वर्षे या मुलखात काढलेल्या बर्जेसला ते पटले नाही, आणि त्याने त्याच पुस्तकाच्या शेवटी आपले वेगळे मत नोंदवून ठेवले. पुन्हा एकाच बांधणीत दोन मते. 'वज्रसूची' आणि 'टंक', तसे व्हिटनी आणि बर्जेस, आणि १८६१ च्या पुस्तकात एल. डब्ल्यू. आणि बी. डी.

या मोकळेपणाचे सारे श्रेय एकट्या साहेबांना देणे चूक ठरेल. ज्या पंडिताने संस्कृत शास्त्रे शिकली, त्याच्या शिक्षणातच एक शिस्त मुरलेली असते. आपला सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचे म्हणणे. तेही असे, की विरोधकाने वाचले तर 'हो, हेच माझे म्हणणे' असे तो म्हणेल. भास्कराचार्य पृथ्वी खाली पडत आहे असे मानणाऱ्यांचे मत आधी सांगतात, मग ते खोडतात. आणि त्यांच्याही कितीतरी आधी वराहमिहिराने लिहून ठेवले आहे, की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजले आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. त्या मानात 'म्लेच्छ' हा शब्द तसाच राहिला आहे, हे खरे. तरी दार किलकिले झाले. सिहोरला आणि काशीला त्याच दारातून दोन्हीकडची माणसे आत आली. इंग्रजाने भास्कराचार्यांपासून सुरुवात केली, पंडिताने यवनाचे शास्त्र तपासून पाहिले. बापूदेवांनी पुढे इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे पंचांग काढले. ग्रहणे आणि ग्रहयुती आकाशात प्रत्यक्ष दिसतात त्या वेळी पंचांगातही असाव्यात, एवढाच त्यांचा आग्रह. या कामी त्यांना ना साहेबाचे आंधळे अनुकरण करावे लागले, ना जुन्याची शपथ वाहावी लागली.

मान त्यांना मिळाला. १८६४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्य केले, १८७८ मध्ये सी.आय.ई. हा किताब आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १८९० मध्ये ते काशीतच वारले. पण राज्य इंग्रजांचेच होते. कॉलेजचे प्रमुखपद इंग्रजाकडे आणि विषयाचे ज्ञान पंडिताकडे, ही वाटणी एका दोस्तीने बदलली नाही. मैत्रीने वंशद्वेष संपतो, असे मी म्हणत नाही. मैत्रीने एवढेच होते, की द्वेषाला लागणारे अज्ञान त्या दोन माणसांपुरते शिल्लक राहत नाही. मग द्वेष करायचाच झाला, तर तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो, आणि ते बहुतेकांना जमत नाही.

आणखी एक उणीव आहे, आणि ती आपल्या घरातली. या साऱ्या संभाषणात बसायला जागा कुणाला होती? संस्कृत कॉलेजात ब्राह्मणांना. 'टंक' लिहिणाऱ्या सुबाजींना साहेबाशी बरोबरीने वाद घालता आला. पण 'वज्रसूची' ज्यांच्या बाजूने बोलते, त्यांतले कोणी त्या बैठकीत नव्हते. ज्या १८६१ साली काशीच्या पंडिताचे पुस्तक कलकत्त्यात निघाले, त्याच साली मुंबईत तुकाराम तात्या पडवळ यांचे 'जातिभेद विवेकसार' निघाले, आणि १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. तिकडचा वंशद्वेष आणि इकडचा जातिद्वेष यांची सोयरीक पुण्यात बसलेल्या या माणसाने नेमकी ओळखली होती. गोऱ्याने आपल्याला तुच्छ लेखू नये, असे वाटणाऱ्या माणसाने आपण कुणाला तुच्छ लेखतो, याचाही हिशेब द्यावा लागतो. सिहोर-काशीच्या मंडळींनी यातला अर्धाच हिशेब मांडला. उरलेला अर्धा मागायला फुल्यांना पुण्यातून आवाज द्यावा लागला, आणि तो ऐकण्याची तयारी पंडितांच्या सभांत नव्हती.

म्हणून या कहाणीतून मी जे घेते ते मर्यादित आहे, पण ते वापरता येण्याजोगे आहे. परक्याविषयी प्रेम वाटले पाहिजे, अशी अट घातली तर बहुतेक संभाषणे सुरूच होणार नाहीत. प्रेम मागून येते, कधी येतही नाही. त्याआधी तीन साध्या गोष्टी लागतात. समोरच्याच्या घरात काय वाद चालले आहेत, हे जाणून घ्यायचे. आपल्याला न पटणारे त्याचे उत्तर आपल्याच पुस्तकात छापायला जागा ठेवायची. आणि त्याची चूक दिसली तर ती खालच्या आवाजात, कारणांसह सांगायची, तशीच आपली ऐकून घ्यायची. भाषांतर करताना मला रोज हेच करावे लागते: दुसऱ्याचे वाक्य आधी पुरते ऐकायचे, मग आपल्या भाषेत म्हणायचे, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे टीप द्यायची. ती टीप गाळून पान गुळगुळीत करण्याचा मोह फार असतो. संपादकालाही तसे पान आवडते.

बापूदेवांना विल्किन्सनचे भाषांतर सरळ आपल्या नावावर करता आले असते. वीस वर्षांनी विचारायला कोण येणार होते? किंवा १८५७ नंतर ते हस्तलिखित बासनात बांधून ठेवले असते, तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते दुरुस्त केले, जिथे वेगळे वाटले तिथे खाली बी. डी. लिहिले, आणि जिथे विल्किन्सनचे शब्द होते तिथे एल. डब्ल्यू. तसेच राहू दिले.